प्लम्पीनटचा रिव्ह्यू, गोदामवाल्याकडून

प्रॉडक्ट: प्लम्पीनट, म्हणजे तीव्र कुपोषित पोरांना औषध म्हणून द्यायची शेंगदाण्याची पेस्ट. बनवणारी कंपनी न्यूट्रिसेट, फ्रान्समधल्या नॉर्मंडीची. एका पाकिटात ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. दुकानात मिळत नाही, ऑनलाइन कार्टमधे टाकायची सोय नाही, आणि याचं गिऱ्हाईक रिव्ह्यू वाचत नाही कारण ते सहा महिने ते पाच वर्षांचं असतं आणि त्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरतो. तरीपण लिहितोय. मधे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की हे यूएनवाले शेंगदाण्याचं कूट चकचकीत पाकिटात भरून आफ्रिकेत पाठवतात आणि त्याला औषध म्हणतात, खाली सगळे हसतायत, एकदोघं तर "आमच्या आजीची रेसिपी चोरली" वगैरे. मी दक्षिण सुदानात एका मदत संस्थेचं गोदाम सांभाळलंय. त्या गोदामात धान्य, साबण, ताडपत्र्या, मच्छरदाण्या सगळं असायचं पण झोप उडायची ती या पाकिटांवरून, त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजतो. डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, माल उतरवणं चढवणं मोजणं ही माझी लाइन.

आधी चव. आम्हाला ट्रेनिंगमधे सगळ्यांना चाखायला दिलं होतं, ड्रायव्हरपासून अकाउंटंटपर्यंत. शेंगदाण्याची बारीक गुळगुळीत पेस्ट, त्यात भरपूर साखर, आणि मागून दूध पावडरची चव येते. मोठ्या माणसाला अर्ध्या पाकिटात बास होतं. लहान पोरांना मात्र आवडतं, म्हणजे ज्यांना खाता येण्याइतकी ताकद उरलीय त्यांना, आणि याच गोष्टीवर पुढे सगळं चालतं ते सांगतोच. पाकीट उघडायच्या आधी हाताने चोळून घ्यायचं, कारण उन्हात पडून पडून तेल वर येतं. मग कोपरा फाडायचा आणि पोराने सरळ तोंडाला लावायचं. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, चमचा लागत नाही. दुधावरचं बाळ असेल तर आधी आईचं दूध आणि मग हे, आणि सोबत प्यायला स्वच्छ पाणी द्यायचं कारण तहान लागते. वापरायची सूचना एवढीच, पाकिटावर चित्रंच काढलेली असतात.

आता यात एवढं काय ग्रेट, तर ते कळायला आधी काय चालायचं ते बघावं लागतं. तीव्र कुपोषित पोरांसाठी आधी एफ-१०० नावाचं एक खास दूध होतं, अजूनही आहे, फॉर्म्युला चांगला, वजन वाढतं. अडचण अशी की ती पावडर, म्हणजे पाण्यात कालवायची, आणि जिथे पोरं उपाशी असतात तिथेच पाणी घाण असतं. एकदा कालवलं की ते दूध म्हणजे जंतूंची मेजवानी, तासाभरात खराब व्हायला लागतं. त्यामुळे ते घरी देताच यायचं नाही. पोराला केंद्रात भरती करा, आईने तिथेच राहायचं, तीनचार आठवडे, कधी जास्त. घरी बाकीची तीन पोरं कुणाकडे, शेत कोण बघणार, बकऱ्या कोण सोडणार? बायका यायच्याच नाहीत, किंवा यायच्या आणि मधेच निघून जायच्या. आणि एका तंबूत इतकी अशक्त पोरं एकत्र म्हटल्यावर गोवर, जुलाब, न्यूमोनिया एकाचं दुसऱ्याला.

आंद्रे ब्रियां नावाचे फ्रेंच डॉक्टर, पोषणतज्ज्ञ, यांना १९९६ च्या सुमारास हे सुचलं. न्यूट्रिसेटचे मिशेल लेस्कान त्यांच्यासोबत होते. न्यूटेलाची बरणी बघून डोक्यात आलं असं सांगतात. आयडिया अशी की एफ-१०० मधली दूध पावडर थोडी कमी करायची, त्याजागी शेंगदाण्याची पेस्ट घालायची, आणि तेलसाखरदूधजीवनसत्त्वं सगळं असं एकजीव करायचं की पावडरचा प्रत्येक कण तेलात गुंडाळला जाईल. पाणी जवळजवळ नाहीच, मग जंतू वाढणार कशावर? फ्रिज लागत नाही, चाळीस डिग्रीच्या पत्र्याखाली पडून राहिलं तरी चालतं, शेल्फ लाइफ २४ महिने. माझ्यासारख्या गोदामवाल्याला यापेक्षा गोड काही ऐकू येत नाही. लसींसाठी कोल्ड चेन सांभाळणारा माझा सहकारी जनरेटरच्या आवाजाकडे कान लावून बसायचा आणि मी शेजारी निवांत खोके मोजायचो.

पण खरा धमाका पेस्टचा नव्हता, पोरगं घरी गेलं हा होता. एकदा पाणी आणि भांडं दोन्ही बाद झाल्यावर दवाखान्याची गरज ज्याला खरंच आहे त्यालाच उरली. २००० नंतर इथिओपिया आणि मलावीत स्टीव्ह कॉलिन्स, मार्क मॅनरी वगैरे डॉक्टरांनी हे करून दाखवलं, त्यावेळी बऱ्याच मोठ्या लोकांना ते बेजबाबदारपणाचं वाटलं होतं, इतक्या आजारी पोराला घरी कसं पाठवता म्हणून. मग २००५ साली नायजरमधे मोठं संकट आलं आणि एमएसएफ म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सवाल्यांनी साठ हजारांच्या आसपास पोरांवर याने उपचार केले, एवढी पोरं तंबूत भरती करणं कुणालाच शक्य नव्हतं. २००७ मधे डब्ल्यूएचओ, युनिसेफ, डब्ल्यूएफपी (यूएनचा जागतिक अन्न कार्यक्रम) यांनी एकत्र पत्रक काढून ही पद्धत मान्य केली. जगात सगळ्यांनी एकत्र येऊन काहीतरी मान्य करायला अकरा वर्षं, म्हणजे तसं लवकरच म्हणायचं. डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मात्र ही वस्तू यायला २०२३ उजाडलं. या अख्ख्या प्रकाराला आरयूटीएफ म्हणतात, रेडी-टू-यूज थेराप्युटिक फूड, म्हणजे सरळ खायचा तयार उपचार-आहार; प्लम्पीनट हा त्यातला पहिला ब्रँड, जसं आपण कुठल्याही पावडरला सर्फ म्हणतो.

केंद्रावर प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. आठवड्यातला एक दिवस ठरलेला, पहाटेपासून बायका झाडाखाली येऊन बसलेल्या. पोराच्या डाव्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, हिरवा पिवळा लाल, ११५ मिलिमीटरच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषित, पिवळा म्हणजे मध्यम. पायावर बोट दाबून सूज बघतात. मग येते ती भूक चाचणी, अपेटाइट टेस्ट, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. पोराला आईच्या मांडीवर शांत जागी बसवून पाकीट देतात आणि फक्त बघतात. खाल्लं तर घरी जायचं, आठवड्याची पाकिटं घेऊन, सोबत अमॉक्सिसिलिनचा कोर्स. नाही खाल्लं म्हणजे आत काहीतरी जास्त बिघडलंय, त्याला भरती करा. ना रक्त तपासणी ना मशीन. शंभरातली ऐंशी-नव्वद पोरं अशी असतात की ज्यांना बाकी काही मोठी गुंतागुंत नसते आणि ती घरीच बरी होतात. सात किलोच्या पोराला दिवसाला तीनेक पाकिटं, वजनाप्रमाणे कमीजास्त. असं सहा ते आठ आठवडे.

एक खोका म्हणजे १५० पाकिटं, उचलायला साधारण १५ किलो. आमच्याकडे हिशोबच तसा होता, एका पोरामागे एक खोका. म्हणून गोदामात चारशे खोके असले की तिथे चारशे पोरं दिसायची, आकडा आपोआप तसाच वाचला जायचा. किंमत खोक्याला चाळीस ते पन्नास डॉलरच्या आसपास असते, वर्षाप्रमाणे खालीवर, म्हणजे चार हजार रुपये धरा. एक मरायला टेकलेलं पोरगं चार हजारात उभं राहतं, पुण्यात चौघं जेवायला बाहेर गेले की तेवढं बिल होतं. फक्त हा भाव कारखान्याच्या दारातला. तिथून जहाज, मग बंदर, मग ट्रक, मग जिथे रस्ता संपतो तिथून बोट नाहीतर हेलिकॉप्टर. दक्षिण सुदानच्या त्या भागात आपल्या मराठवाड्यासारखी काळी कापसाची माती आहे, पावसाळा लागला की ट्रक चाकाच्या वरपर्यंत रुततात आणि मग महिनोन्महिने काही हलत नाही. मी परभणीकडचा असल्याने ती माती बघूनच कळलं होतं की जे काय आणायचं ते मे महिन्याच्या आत. ऑफिसात बसून प्लॅन करणाऱ्यांना हे दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागायचं. पैसे मंजूर व्हायचे जूनमधे, माल निघायचा ऑगस्टला, आणि उपासमारीचे सगळ्यात वाईट महिने नेमके तेच, पीक यायच्या आधीचे.

गोदामातले बारीकसारीक मुद्दे. उंदरांना फॉइल कुरतडायला दोन मिनिटं लागत नाहीत, खोके भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत आणि पॅलेटवर ठेवायचे. आधी एक्सपायर होणारं आधी काढायचं, आधी आलेलं आधी नव्हे, कारण उशिरा आलेल्या लॉटची तारीख कधीकधी जवळची असते. आणि रिकामी पाकिटं. कुणी आधी विचारच केलेला नसतो. केंद्राच्या आजूबाजूला चांदीसारखी चमकत पडलेली असतात, काही ठिकाणी आयांना रिकामी पाकिटं परत आणायला सांगतात, कचरा कमी होतो आणि खरंच खाल्लं का ते पण कळतं.

चोरीचं काय? होते ना. बाजारात टोपलीत ही पाकिटं विकायला ठेवलेली दिसतात, त्यावर विक्रीसाठी नाही असं छापलेलं असतं तरी. पण सगळी चोरीची नसतात. एखादी बाई आठवड्याच्या वीस पाकिटातली चार विकते आणि त्याची ज्वारी आणते, कारण घरात बाकीची पोरं आहेत आणि ती पण उपाशी आहेत, त्यांच्या दंडाचा घेर साडेअकराच्या जरासा वर, पावणेबारा भरला म्हणून त्यांना पाकीट नाही. घरी गेल्यावर भावंडांत वाटलं जातं ते याच कारणाने. फॉर्मवर आम्ही याला लीकेज लिहायचो. मला तो रकाना भरताना कधीच बरं वाटलं नाही.

आता ग्रुपवरच्या हसणाऱ्यांकडे येतो. आपली चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी यात आणि यात फरक काय? दाणे आणि गोड हे सारखं, बाकी नाही. तीव्र कुपोषणात पोराच्या शरीरातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक सगळं तळाला गेलेलं असतं, नुसत्या कॅलरी ओतून नवं मांस तयार होत नाही, म्हणून यात खनिजं आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात, आणि प्रथिनातला मोठा भाग दुधाचा असतो. शिवाय सात महिन्याच्या बाळाला चिक्की द्या बघू, घशात अडकेल. पेस्ट इतकी बारीक दळलेली असते ती त्यासाठीच. पण यातच दुसरी बाजू पण आहे. जे पोरगं नुसतं बारीक आहे, घरी जेवतंय, त्याला अंडं, दूध, डाळ, लाडू, घरचं तेलतूप घालून दिलेलं जेवण हेच पाहिजे, त्याच्या हातात हे पाकीट देणं म्हणजे सर्दीला सलाईन. हे औषध आहे आणि त्याचा कोर्स असतो.

आपल्याकडे याच्यावर केवढं भांडण झालंय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशात हे वापरायला आणलं होतं, २००९ मधे केंद्र सरकारने थांबवायला लावलं, परवानगी न घेता आणलं म्हणून. २०१७ मधे महाराष्ट्रात अंगणवाड्यांतून आरयूटीएफ द्यायचा विषय निघाला तेव्हा अन्न अधिकारवाल्या कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला, की गरम ताजा आहार, अंडी, गावातल्या बचत गटाचं काम हे सगळं मारून कंपन्यांची पाकिटं घुसवताय, आणि केंद्राने पण राज्यांना कळवलं की हे आमच्या धोरणात नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. पाकीट घुसलं की त्याच्या मागे कंत्राटदार घुसतो हे आपल्याला सांगायला नको, पोषण आहाराच्या कंत्राटांचे किस्से आपण पेपरात वाचतोच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाचच्या आतली १०.९ टक्के पोरं उंचीच्या मानाने अति बारीक निघालीत, देशाचा आकडा ७.७. धडगाव-अक्कलकुवा नाहीतर मेळघाटात ज्या पोराचा दंड लाल पट्टीत आलाय त्याला सहा आठवड्यांत उभं करायचं कशाने, याचं उत्तर विरोध करणाऱ्यांनी पण द्यायला पाहिजे.

बरं, उत्तर अगदीच नाही असंही नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधे याच प्रकारची पेस्ट स्वतः बनवतात, शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण, आणि धारावीतल्या पोरांना दिली जाते. म्हणजे फ्रान्सहून जहाज यायची गरज नाही. आणि गंमत अशी की भारतातल्या काही कंपन्या जागतिक दर्जाचं आरयूटीएफ बनवून युनिसेफला विकतात, ते इथून जहाजात चढून दुसऱ्या देशांत जातं. इथे बनतं, इथे पोरं आहेत, आणि माल बंदराकडे.

पेटंटची गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण रिव्ह्यूत कंपनीचे मार्क कापायचे तर ते इथे कापेन. न्यूट्रिसेट आणि फ्रान्सची सरकारी संशोधन संस्था आयआरडी यांच्याकडे पेटंट होतं आणि बरीच वर्षं त्यांनी ते घट्ट धरलं. २००९ च्या शेवटी दोन अमेरिकन धर्मादाय संस्थांनी कोर्टात दावा लावला की हे पेटंटच रद्द करा, आम्हाला बनवू द्या. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही पेटंट सोडलं तर अमेरिकेतले सबसिडीवाले शेंगदाणे बाजार भरून टाकतील आणि गरीब देशातले छोटे कारखाने उभेच राहणार नाहीत. हे म्हणणं सोयीचं होतं पण खोटं नव्हतं. २०१० मधे त्यांनी गरीब देशातल्या उत्पादकांना ऑनलाइन करार करून उलाढालीच्या एक टक्क्यावर बनवायची परवानगी दिली, आणि आता पेटंटची मुदतच संपलीय. नायजरमधे नियामेला, इथिओपियात, असे स्थानिक कारखाने चालू आहेत, युनिसेफकडे आता वीसच्या वर पुरवठादार आहेत आणि जगातला साधारण तीन चतुर्थांश माल एकटं युनिसेफ उचलतं.

तरी स्थानिक कारखान्याचं दुखणं वेगळंच आहे. तिथे शेंगदाणा पिकतो, मग सोपं पाहिजे ना? नाही. शेंगदाण्यात ओल राहिली की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं, लिव्हरला घातक, आपल्याकडे पण निर्यातीचे कंटेनर यावरून परत येतात. कुपोषित पोराला ते अजिबात चालत नाही त्यामुळे गावातला माल टेस्टमधे नापास होतो. दूध पावडर बहुतेक बाहेरूनच आणायची, तिच्यावर कस्टम, कर्ज महाग, वीज जाते. शेवटी नायजरमधे बनलेलं पाकीट युरोपातून आलेल्या पाकिटापेक्षा महाग पडू शकतं. खरेदी करणारा म्हणतो मला त्याच पैशात जास्त पोरं वाचवायचीत, मी स्वस्त घेणार. हे पण बरोबरच. दुधाला पर्याय शोधायचं काम बरीच वर्षं चालू आहे, पाकिस्तानात २०१० च्या पुरानंतर डब्ल्यूएफपीने हरभऱ्याची पेस्ट काढली, ती मध्यम कुपोषितांसाठी, आणि बांगलादेशात आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेने तांदूळ-मसूर आणि हरभऱ्यावर केली. हरभरा म्हणजे तर आपला घरचा गडी.

मला सगळ्यात भारी वाटलेले बदल पाकिटाच्या बाहेरचे आहेत. एक म्हणजे दंडाची पट्टी आईच्याच हातात द्यायची, नायजरमधे अलिमा नावाच्या संस्थेने हे चालू केलं, आणि आया आरोग्यसेवकांइतकंच नीट मोजतात असं निघालं. फायदा असा की पोरगं पिवळ्यातून लाल होतंय हे लवकर कळतं, मग भरती करायची वेळ कमी येते. दुसरं म्हणजे केनिया आणि दक्षिण सुदानात करून बघितलेला सोपा प्रोटोकॉल, वजनाचे तक्ते बाजूला ठेवून लाल पट्टीला दिवसाला दोन पाकिटं, पिवळ्याला एक, एकाच केंद्रावर, एकच वस्तू. आधी काय व्हायचं, लाल पोरं युनिसेफच्या पाकिटावर आणि पिवळी पोरं डब्ल्यूएफपीच्या वेगळ्या पाकिटावर, वेगळी पाइपलाइन, वेगळं गोदाम, कधी वेगळं केंद्र, आणि एकाचा माल आला की दुसऱ्याचा संपलेला. सोप्या पद्धतीत बरं व्हायचं प्रमाण कमी झालं नाही आणि खर्च कमी झाला. गोदामवाल्याने हे ऐकलं की त्याच्या डोळ्यात पाणी येतं राव. एवढं साधं करायला इतकी वर्षं का लागली तर दोन संस्थांचे दोन लोगो होते म्हणून, असं माझं स्पष्ट मत.

तिसरं अजून संशोधनात आहे पण इंटरेस्टिंग आहे. पोरं बरी होऊन घरी जातात आणि काही महिन्यांनी पुन्हा घसरतात, हे या प्रॉडक्टचं सगळ्यात मोठं अपयश, खरं तर प्रॉडक्टचं नाही पण पावतीवर नाव त्याचंच येतं. बांगलादेशातले तहमीद अहमद आणि अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन यांचं म्हणणं की कुपोषणात आतड्यातले चांगले जंतू पण लहान राहतात, त्यांना पण खायला घाला. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा, कच्चं केळं असं मिश्रण त्यांनी मध्यम कुपोषित पोरांना दिलं आणि २०२१ मधे छापून आलं की नेहमीच्या पेस्टपेक्षा कमी कॅलरी असून वजन चांगलं वाढलं. लाल पट्टीवाल्यांसाठी अजून पेस्टच.

आणि आता २०२५ बद्दल लिहिताना हात जड होतो. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवस थांबवली. ऱ्होड आयलंडमधला एडेसिया आणि जॉर्जियातला माना, हे दोन अमेरिकन कारखाने यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेच्या ऑर्डरवर ही पेस्ट बनवायचे. त्यांना आधी काम थांबवा, मग थांबू नका, मग करार रद्द, मग करार पुन्हा चालू, असं आठवड्याआठवड्याला सांगितलं गेलं. माल तयार, खोके भरलेले, फक्त हलवायला कुणी सही करेना. १ जुलैला यूएसएडच बंद झालं. त्याच महिन्यात दुबईच्या गोदामातली जवळजवळ ५०० टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपल्यामुळे जाळायची ठरली, आणि जाळायला पण वर पैसे. ती बातमी वाचून मी फोन ठेवून दिला होता. बिस्किटं एक्सपायर कशी होतात हे गोदामवाल्याला बरोबर माहीत असतं, तारीख सहा महिने आधीपासून शीटवर लाल झालेली असते, कुणीतरी रोज मेल टाकत असतो, वरून उत्तर येत नसतं.

यातून प्रॉडक्टचा एक दोष दिसतो जो लेबलवर नसतो. २०२२ चा अंदाज बघितला तर जगात साडेचार कोटी पोरं उंचीच्या मानाने बारीक होती आणि त्यातली एक कोटी छत्तीस लाख तीव्र. एवढ्या पोरांचा जीव दोनचार देशांच्या बजेटवर आणि एकाच मोठ्या खरेदीदारावर टांगलेला. पेस्ट दोन वर्षं टिकते, मंजुरी टिकत नाही. गोदामात आम्ही याला पाइपलाइन ब्रेक म्हणायचो, दिसायला साधा शब्द, अर्थ असा की मंगळवारी बायका झाडाखाली येऊन बसल्यात आणि तुम्ही त्यांना दंड मोजून, वही भरून, रिकाम्या हाताने परत पाठवताय. पुढच्या मंगळवारी त्यातल्या निम्म्या येतच नाहीत, चार तास चालत कोण येणार परत. मग ज्या केंद्राचे आकडे चांगले होते त्याचे पडतात आणि वरून मेल येतो की मधेच सोडणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवर का गेलं, आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड त्याच्या आत ठेवायला सांगतं.

मार्क द्यायचेच तर: पाकीट पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क फॉइलच्या कचऱ्याचा कापला. वापरायला सोपं, पाचपैकी पाच, न शिकलेल्या माणसाला पण पाच मिनिटांत जमतं. मिळण्याची खात्री, पाचपैकी दोन, आणि तो पण मी दक्षिण सुदानातल्या पोर्टर पोरांकडे बघून देतोय, गुडघाभर चिखलातून डोक्यावर खोका घेऊन चालणारी, ज्यांचे फोटो कुठल्याही वार्षिक अहवालात येत नाहीत.

शेवटचं, कारण कॉमेंटमधे हे हमखास येणार: दादा, माझा मुलगा वजनच घेत नाही, हे कुठे मिळेल? मिळणार नाही आणि मागवू पण नका. अंगणवाडीत नाहीतर सरकारी दवाखान्यात जाऊन दंड, वजन आणि उंची मोजून घ्या, फुकट असतं. पट्टी लाल आली किंवा दोन्ही पायावर सूज असली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे, मोठ्या सरकारी रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र असतं तिथे दाखवा. गावात असाल तर अंगणवाडीताईंना ग्राम बाल विकास केंद्राबद्दल विचारा, ते कधी चालू असतं कधी नसतं, नसेल तर कधी सुरू होणार ते पण विचारा आणि ग्रामसभेत विचारा. हिरवी आली तर घरचं जेवण, एक चमचा तेल जास्त, आणि त्या शेंगदाण्याच्या लाडवावर बिनधास्त ताव मारू द्या, फक्त पोरगं लहान असेल तर आख्खा दाणा राहणार नाही इतकं बारीक कूट करा.